ओंकारेश्वरची गुहा

गेल्या माघातील एका रविवारी आम्ही इंदुराहून ओंकारेश्वरास निघालो. सिमरोलनंतरचा घाट उतरला, बडवाह मागे पडले आणि मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदामैयाचे दर्शन घडले. एरवी हा सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास आम्हांस प्रसन्न करतो. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हते.

आदल्या दिवशी एक पालक आमच्या टेबलावर पाकीट ठेवून गेले होते. मुलाचे प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण तेवढे ‘सांभाळून घ्यावेत’, इतकीच विनंती! पाकीट आम्ही स्वीकारले नाही, अशी मनाची समजूत घालीत होतो. पण परतही केले नव्हते. ते खणात होते आणि किल्ली आमच्या खिशात.

पूल ओलांडून मांधाता बेटावर गेलो. ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन मंदिराखालच्या गोविंदपादाचार्यांच्या गुहेत उतरलो. बालशंकरांना येथेच गुरू भेटले, अशी परंपरा आहे. त्यांची १०८ फुटी मूर्ती २०२३ साली याच बेटावर उभी राहिली. परंतु आमचे पाय गुहेतच खिळले.

आचार्यांनी ज्यावर भाष्य लिहिले, ते कठोपनिषद आठवले. पित्याने भाकड गाई दान दिलेल्या पाहून अस्वस्थ झालेला नचिकेता! मृत्यूचे रहस्य विचारू नकोस, म्हणून यमाने त्याला शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती-घोडे, सुवर्ण, अप्सरा देऊ केल्या. त्याने सारे नाकारले.

ही कथा यमलोकी घडली, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. उपनिषद मात्र आत्मतत्त्व गुहेत दडलेले आहे म्हणते, आणि ती गुहा हृदयाची! मग यमाचे घरही तेथेच नव्हे काय? मोह दाखविणारा आणि तो नाकारणारा एकाच घरात राहतात. नचिकेत्याला मोहाशी झुंजावे लागले नाही. त्याची जिज्ञासा इतकी खरी होती की, अन्य कशाला आत जागाच उरली नव्हती. आमच्या ठायी जागा होती, म्हणून पाकीट राहिले. आजवर ज्याला आम्ही सचोटी म्हटले, तीत चौकशीचे भय किती आणि सत्याची ओढ किती?

सोमवारी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी आम्ही पाकीट परत केले. पालक खजील झाले. त्यांच्याहून अधिक आम्ही. मुलाला गुण मिळाले, ते त्याच्या कामाचे.