तट्टू कुठं बांधलंय?

माझे आजोबा नाशकात टांगा हाकायचे. पंचवटी ते स्टेशन, स्टेशन ते पंचवटी. त्यांच्याही आधी स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम चालायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टांगा कधी हाकला नाही. ते नोटप्रेसमध्ये लागले. पण शाळेत जाण्याआधी घोड्याला खरारा करायचं काम त्यांचंच होतं. त्यामुळे रस्त्यात वरात दिसली की सगळे नवरदेवाकडे बघतात आणि आबा घोडीच्या खुरांकडे.

माझा भाऊ कॅलगरीला असतो. तिथे 1912 मध्ये सुरू झालेली ‘स्टँपीड’ नावाची मोठी जत्रा जुलैत भरते. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हाताने आठ सेकंद तग धरायचा, तर तो स्वार पास. भावाने त्याचा व्हिडिओ पाठवला, तो माझ्या लेकाने घरभर दाखवला आणि विचारलं, आपल्याकडे असलं काही नाही का? आबांनी चष्मा वर केला. “सारंगखेडा आहे की. बैलाला छळत नाहीत तिथं. घोडे बघायचे.”

दत्तजयंतीनंतरच्या रविवारी पहाटे निघालो. आबा, मी, नवरा, लेक आणि दशम्यांचा डबा. नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीकाठचं हे गाव नाशकाहून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, पण धुळ्यापर्यंत आग्रा रोड सरळ असल्याने अंतर जाणवत नाही. धुळ्यानंतर चिमठाणे लागतं. 1944 च्या एप्रिलमध्ये इथेच क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा पाच लाखांवरचा खजिना लुटला होता. हे मी लेकाला रंगवून सांगत होते, त्याने एवढंच विचारलं, “घोड्यावरून लुटला का?” दोंडाईच्याकडे जाताना मोकळ्या जागेवर वाळत घातलेल्या मिरचीचे लाल पट्टे दिसू लागले आणि गाडीच्या काचा बंद असूनही चौघांनाही ठसका लागला.

सारंगखेड्याची यात्रा एकमुखी दत्ताची. दर्शनाची रांग, पाळणे, भांड्यांची दुकानं, हे सगळं कुठल्याही जत्रेत असतं तसंच. पण घोडेबाजारामुळे या गावाचं नाव देशभर गेलं. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी जनावरं घेऊन येतात आणि कित्येक दिवस इथेच राहुट्या ठोकून राहतात. अलीकडे त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’चा साज चढवलाय: मोठा मंडप, नाचाच्या आणि धावण्याच्या स्पर्धा, फोटो काढायच्या कमानी. मला विचाराल तर मंडप सोडा आणि थेट दावणीकडे जा.

दावणीत आबा वेगळेच दिसायला लागले. एरवी गुडघे धरून चालणारा माणूस सरळ घोड्याच्या तोंडाशी जाऊन ओठ उचलून दात बघत होता. घोड्याचे दुधाचे दात अडीच वर्षांपासून पडायला लागतात, दरवर्षी एकेक जोडी बदलते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास तोंड पुरं होतं. त्यापुढचं वय दाताच्या झिजेवरून ओळखायचं. मग पायांची पाळी. मग भोवरे. गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, तो असला की व्यापारी स्वतःहून मान वर करून दाखवतो. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, त्याबद्दल कुणी बोलत नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर किंमत उतरते. माझा या भोवऱ्यांवर काडीचा विश्वास नाही. पण चार पिढ्यांचा अनुभव असलेला मारवाडचा म्हातारा आणि नोटप्रेसचा निवृत्त कर्मचारी एका घोडीच्या कपाळावरच्या केसांवरून हिंदीत वाद घालत होते, तो ऐकताना अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

सगळीकडे मान मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचा. कानाची टोकं आत वळलेली, एकमेकांना टेकणारी. काळाभोर तो मुश्की, गुलाबी कातडीचा पांढरा तो नुकरा, चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याण. उंची इंचात मोजतात, आणि बासष्ट-त्रेसष्टच्या वर प्रत्येक इंचाला भाव चढत जातो. एका नुकऱ्याचे 35 लाख सांगत होते. त्याच्यासाठी पंखा लावलेला होता, डिसेंबरात. नवरा हळूच म्हणाला, “आपल्या फ्लॅटचं कर्ज एवढं नव्हतं.”

दुपारी नाच झाला. ढोल सुरू होताच घुंगरं बांधलेला घोडा पुढचे पाय तालात उचलायला लागला आणि शेवटी चारही पायांनी बाजेवर चढून नाचला. चारशे किलोचं जनावर, खाली सुतळीची बाज. लोकांनी शिट्ट्या मारल्या, लेकाने तर उड्याच मारल्या. मला ते बघवेना. पाय घसरला तर, एवढंच डोक्यात येत राहिलं. आबांनी तिकडे पाठच केली होती. “टांग्याच्या घोड्याला नाचायला वेळ नसायचा,” म्हणाले.

मग ते एका फ्लेक्ससमोर थांबले. त्यावर मराठ्यांच्या घोडदळाचं चित्र होतं आणि चित्रातले सगळे घोडे उंच, लांब मानेचे, थेट मारवाडी. “हे नव्हेत ते,” आबा म्हणाले. “ते कुठं बांधलंय?”

ते, म्हणजे तट्टू. भीमेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टांचा अरबी-तुर्की घोड्यांशी संकर होऊन जो घोडा तयार झाला तो भीमथडी. ठेंगणा, कणखर खुरांचा, मिळेल त्या चाऱ्यावर घाट चढणारा. मराठ्यांच्या वेगवान स्वाऱ्यांचा भार या जनावराने वाहिला. पुढे ते धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहू लागलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली ती आत्ता-आत्ता. वारशाच्या नावाने इतका मोठा उत्सव करायचा आणि ज्याचा वारसा त्याला उंची कमी म्हणून मंडपात उभं करायचं नाही, हे मला पटलं नाही. आयोजकांपैकी एका तरुणाला तसं बोलूनही दाखवलं. तो हसला. “ताई, बघायला कोण येणार?”

आम्ही चौघं होतो की. लगाम-खोगिरांच्या दुकानांमागे, जिथे स्वस्तातली जनावरं बांधतात, तिथे एकदाचं ते सापडलं. बदामी रंग, आबांच्या छातीएवढी उंची, पोटाला चिखल. भीमथडीच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण आबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मालक जवळच्याच गावचा, अहिराणी बोलणारा. किंमत 40 हजार. आबांनी 25 म्हटलं. मालक म्हणाला, “बाबा, दात तरी देखी ल्या!” आबांनी दात बघितले, चारही खूर उचलून बघितले आणि पुन्हा 25 म्हटलं. मला वाटलं, जुनी हौस भागवताहेत. मग मालकाने नंबर मागितला आणि आबांनी दिला.

“आबा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो,” मी म्हणाले.

“माहितीय मला.”

दोंडाईच्याला शेवभाजी खाल्ली. भाजीच्या तर्रीने लेकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तट्टू ठेवायचं कुठे याचा त्याचा बेत थांबेना: पार्किंगमध्ये स्कूटरच्या जागी. नवऱ्याने सोसायटीच्या नियमावलीत घोड्याचा उल्लेख आहे का ते मोबाइलवर शोधायला घेतलं. चेष्टा करायला सुरुवात केली होती, पण मग खरंच वाचत बसला.

परवा त्या मालकाचा फोन आला. यात्रा उठली, तट्टू विकलं गेलं नाही, 32 हजारांत द्यायला तयार आहे. आबांनी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. आज सकाळपासून ते मखमलाबादला मळा असलेल्या त्यांच्या मित्राला फोन लावताहेत, आणि त्याचा फोन लागत नाहीये.