माझा चोर आणि त्याचे सोबती

दर शनिवारी रात्री मी वसतिगृहाच्या खोलीत चोर होतो. रेक्टरसरांनी घाबरू नये, हा खेळ आहे! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढला. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. एवढ्यावर रात्र सरते.

पात्राच्या कागदावर ‘बंध’ असा रकाना असतो. माझ्या चोरासाठी मी लिहिलं, ‘कुणाशीच नाही.’ योद्धा त्याला मठ्ठ वाटे, जादूगार शिष्ट. पुजाऱ्याचा तर त्याला संशयच. पुजारी खेळायचा माझा रूम-पार्टनर. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या नोट्स न विचारता नेल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. संशय नक्की चोराचा होता का, कोण जाणे.

मागच्या महिन्यात पेटी आधी आपणच उघडावी म्हणून चोर एकटा पुढे गेला आणि खड्ड्यात कोसळला. प्राण शून्यावर. आता दर फेरीला फासा टाकायचा. तीनदा दहाच्या खाली आलं की खेळ खलास. दोनदा आलं. पुजाऱ्याच्या त्या मंत्राला हाताचा स्पर्श लागतो, म्हणजे त्याने खड्ड्यात उतरायला हवं. आणि खाली काहीतरी हलत होतं.

सूत्रधाराने विचारलं, “काय करतोस?”

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “उतरतो. शिव्या वर आल्यावर देईन.”

बंधाचा रकाना अजून तसाच आहे. खोडरबर त्याच्याकडे आहे, मागावा लागेल.