चौविहार आणि २०० किलोमीटर

आमच्या सूनबाई डिसेंबरात २०० किलोमीटरच्या ब्रेवेला नाव देणार. ही शर्यत नव्हे, ठरल्या मुदतीत पुरी करायची सायकलफेरी. मुदत साडेतेरा तास. सकाळी ६ ला निघाली तर साडेसातपर्यंत. मी लगेच हिशेब मांडला (बी.कॉम. कुठेतरी कामी यायला हवं!): नवकारसी आठच्या सुमारास, सूर्यास्त सहाला. पहिले दोन तास आणि शेवटचा दीड तास पाण्याचा घोटही नाही.

“आई, तेवढं निभेल.”

“आणि ३०० ची?” तिला वीस तास, रात्र टळत नाही. पॅरिसची १२०० ची फेरी करायची तर २००, ३००, ४००, ६०० सगळ्या पुऱ्या कराव्या लागतात. पॅरिसचं स्वप्न तिचंच, चौविहारही तिनेच घेतलेला. ती गप्प झाली. रात्रभर पाण्याविना सायकल हाकणं मला धोक्याचं वाटतं, तसं सांगितलंही. व्रत सोड, असं मात्र मी म्हणणार नाही.

काल तिने फॉर्म भरला, २०० चाच. खाखरे आणि चिक्की माझ्याकडे.