तीन खिडक्या, एक रात्रपाळी

मोठ्या ऑफिस-इमारतीच्या तळघरात 'बीएमएस रूम' अशी पाटी असते, तिथे कधी डोकावलात का? नसाल तर हरकत नाही, आत प्रेक्षणीय असं काही नसतं. दोन-तीन कॉम्प्युटर, एक रजिस्टर, एक टेबलफॅन (हो, अख्ख्या इमारतीचा एसी जिथून चालतो तिथेच!) आणि रात्रपाळीचा एकटा ऑपरेटर. इमारतीचा संसार चालतो तो इथून.

या संसारातली भांडी मात्र वेगवेगळ्या घरची. एसी एका कंपनीचा, दिवे दुसरीचे, वीज आणि जनरेटर तिसरीचा. प्रत्येकीचं सॉफ्टवेअर निराळं, डेटाबेस निराळा.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका इमारतीच्या कामावर होतो. एका रात्री एसीच्या स्क्रीनवर अलार्म आला, 'पंप बंद'. का बंद? तर ब्रेकर ट्रिप झाला होता, पण ते कळत होतं शेजारच्या कॉम्प्युटरवर. तिथे त्याच पंपाचं नाव वेगळं, आणि घड्याळही अकरा मिनिटं मागे. ड्यूटीवरच्या काकांना या दोन गोष्टींचा मेळ घालायला दीड तास लागला. तोवर वर सर्व्हर रूम तापत होती. सकाळी बोलणी कोणी खाल्ली? अर्थात काकांनी! सिस्टीम तीन तुकड्यांत विकणाऱ्यांना कोणी चकार शब्द विचारला नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

गंमत म्हणजे या दुखण्यावर औषध नव्वदच्या दशकातच निघालं होतं. ॲपलमध्ये सुरुवातीला पैसे घालणाऱ्या माइक मार्कुला यांनी १९८८ मध्ये एशलॉन ही कंपनी काढली. तिचं तंत्रज्ञान म्हणजे लॉनवर्क्स. प्रत्येक उपकरणात एक न्यूरॉन चिप, आणि प्रत्येक चिपला जगात एकमेव असा ४८ बिटांचा क्रमांक. पण सुरुवातीला नेटवर्क जोडायची टूल्स आपापला डेटाबेस बाळगून असत. कुणाचं काय कुणाला जोडलंय, हा सगळा नकाशा टेक्निशियनच्या लॅपटॉपमध्ये. तो नोकरी सोडून गेला की नकाशाही गेला!

मग आलं एलएनएस. कल्पना साधी: नकाशा एकच, तो सर्व्हरवर, आणि सगळ्यांची टूल्स त्याच्याशीच बोलणार. एकजण नवा सेन्सर बसवतोय, त्याच वेळी दुसरा तापमान बघतोय, दोघांना पंपाचं नाव एकच दिसतंय. उपकरण जळलं तर तसंच नवीन लावायचं, त्यावरचं सर्व्हिस बटण दाबायचं, की त्याचा क्रमांक जुन्याच्या जागी नोंदवला जातो. जोडण्या पुन्हा पहिल्यापासून करायला नकोत. दिवेवाल्याने आपल्या उपकरणासाठी प्लग-इन दिलं की एसीवाल्याच्या टूलमधूनही ते उघडतं. थोडक्यात काय, तर उपकरणं दहाजणांची असली तरी खातेवही एकच.

सगळं गोडच होतं असं नाही. एलएनएस चालायचं विंडोजवरच, आणि नेटवर्कवर चढवलेल्या प्रत्येक उपकरणामागे 'क्रेडिट' विकत घ्यावं लागे. म्हणजे खातेवही सामाईक, पण तिची किल्ली एका सावकाराकडे! पुढे एशलॉन २०१८ मध्ये अडेस्टोने घेतली, अडेस्टो २०२० मध्ये डायलॉगने आणि डायलॉग २०२१ मध्ये रेनेसासने. तीन वर्षांत तीन मालक. इमारत मात्र पन्नास वर्षं उभी राहणार असते. लॉनवर्क्सचा प्रोटोकॉल आयएसओ/आयईसी १४९०८ या मानकात आला आहे हे नशीब, त्यामुळे उपकरणांची भाषा तरी कुणा एकाच्या खिशात राहिली नाही.

शास्त्रज्ञ मंडळींनी हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला. लॉस अलामोस आणि अरगॉन या अमेरिकन प्रयोगशाळांनी मिळून एपिक्स बांधलं, आणि पुढे ते मुक्त स्रोत झालं. आज जगभरचे कण-त्वरक त्यावर चालतात. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगोमध्येही ते आहे. ज्या लायगोची भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे, तीच ही. एका प्रयोगशाळेने लिहिलेला ड्रायव्हर दुसरीला फुकट मिळतो, यापेक्षा मोठा फायदा कुठला?

सांगायचा मुद्दा, सामाईक प्लॅटफॉर्म म्हणजे नुसती सोय नव्हे. माहिती एका जागी असली की रात्री दोन वाजता एकट्या माणसाला कारण सापडतं, आणि सकाळी दोष भलत्याच्या माथी जात नाही. तुमच्या ऑफिसची नवी इमारत ताब्यात घेताना कुणी तुम्हाला विचारलंच, तर तीन गोष्टी मागून घ्या: उपकरणं खुल्या मानकाची, नावांची यादी सगळ्या कंत्राटदारांना एकच, आणि डेटाबेसचा बॅकअप मालकाच्या कपाटात. चकचकीत ग्राफिक्स नंतर आले तरी चालतील.