मूळ वही आणि तिच्या नकला

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर उधारीची यादी अलीकडे गूगल ड्राइव्हवर ठेवली जाते. दिवाळीपूर्वी थोरल्या काकांनी त्या यादीवरून एका जुन्या गिऱ्हाइकाकडे ४०,००० रुपयांची मागणी केली. त्या गृहस्थांनी शांतपणे बँकेची नोंद दाखविली. रक्कम तीन आठवड्यांपूर्वीच जमा झालेली होती. दोन पिढ्यांचा व्यवहार, आणि दिलेले पैसे पुन्हा मागितल्याचा ठपका! त्या संध्याकाळी काकांना जेवण गेले नाही.

शोध घेता पुतण्याला यादीच्या तीन प्रती सापडल्या. जमा त्याने एका प्रतीत नोंदविली होती, काका दुसरी पाहत होते. ड्राइव्हवर प्रत काढली की ती स्वतंत्र फाइल होते. एकीतील दुरुस्ती दुसरीत उतरत नाही.

“काका, यापुढे प्रती नकोत, शॉर्टकट ठेवू.”

“म्हणजे पुन्हा नक्कलच ना?”

“नाही काका. खतावणीत आपण रोजकीर्दीचे पान लिहितो ना, तसे. शॉर्टकट म्हणजे केवळ पान क्रमांक. उघडला की मूळ वहीच समोर येते.”

हे काकांना तत्काळ पटले. हिशेबाच्या भाषेत सांगितलेले यंत्र त्यांना कधीच परके वाटले नव्हते.

साफसफाईची घाई मात्र त्यांनीच रोखली. शॉर्टकट काढला तर मूळ फाइल राहते. मूळ काढली तर शॉर्टकट पोकळ होतो, आणि कचरापेटीत गेलेली फाइल ३० दिवसांनी कायमची नाहीशी होते. म्हणून आधी तिन्ही प्रती ओळीने ताडून पाहण्यात आल्या. त्यात आणखी दोन जमा अशा निघाल्या, की ज्या एकाच प्रतीत होत्या. शिवाय जी यादी मूळ म्हणून ठरली, ती दिवाणजींच्या खासगी खात्यावर! दिवाणजी सचोटीचे, पण उद्या त्यांनी खाते बंद केले असते तर पेढीची उधारीही त्याबरोबर गेली असती. फाइलची मालकी पेढीच्या खात्याकडे घेतली, आणि मगच जादा प्रती काढल्या.

दुसऱ्या दिवशी काका पुतण्याला घेऊन स्वतः त्या गिऱ्हाइकाच्या दुकानी गेले. ही फोनवर सांगण्याची गोष्ट नव्हती. गृहस्थांनी चहा मागविला. काकांनी जुन्या सवयीने खिशातील डायरी काढली आणि जमा रक्कम त्यांच्यासमोर शाईने लिहिली. ही चौथी प्रत झाली, असे पुतण्याच्या मनात आले. तो बोलला नाही.