सन्मानफलक

काही माणसांना आरशासमोरून जाताना थांबल्याशिवाय राहवत नाही. केस नीट बसलेले असले तरी ती त्यांवरून एकदा हात फिरवतात आणि कोणी पाहिले नाही ना, याची खात्री करून पुढे जातात. माजी विद्यार्थी आपल्या शाळेत गेला की त्याचेही असेच होते. आरशाची जागा तेथे सन्मानफलकाने घेतलेली असते, एवढेच! लाकडी चौकट, तिच्यात काळा तक्ता, आणि त्यावर पिवळ्या तेलरंगात वर्ष, नाव आणि पराक्रम. ज्याचे नाव त्यावर नसते, तो फलक मोठ्या कौतुकाने वाचतो. ज्याचे असते, तो नेमका तेथेच उभा राहून चपलेचा अंगठा नीट करू लागतो.

माझे नाव आमच्या शाळेच्या फलकावर आहे. वरून अकराव्या ओळीत. पण गेल्या तीस-बत्तीस वर्षांत मी त्या फलकासमोर कधी चपलेचा अंगठादेखील नीट केलेला नाही. त्या भिंतीवरून मी नेहमी घाईनेच गेलो आहे.

यंदा मात्र सुटका झाली नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि आठवड्याभरात मुख्याध्यापकांचा फोन आला. नव्या सत्राच्या आरंभी गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचा गुणगौरव करायचा आहे. पाहुणे म्हणून माजी विद्यार्थीच हवा. आणि तुम्ही तर मराठीचे प्राध्यापक, शिवाय शाळेच्या फलकावरचे! या 'शिवाय'पुढे मला नाही म्हणता आले नाही.

शाळा कोठलीही असो, जूनमधला तिचा वास एकच असतो. ओल्या रेनकोटांचा, नव्या पुस्तकांच्या खळीचा आणि दोन महिने बंद असलेल्या वर्गांचा. पाचवीतली मुले वाढत्या अंगाच्या गणवेशात बुडून गेलेली असतात, आणि दहावीतली, आपण या पोरांच्या वयाचे कधीच नव्हतो अशा चेहऱ्याने जिन्यात उभी असतात. अलीकडे मुलांच्या जुन्या शाळांपैकी काहींनी मुलींनाही दारे उघडली आहेत. आमची शाळा अजून निव्वळ मुलांची आहे. त्यामुळे सभागृहातला गोंगाटही जुन्या वळणाचाच होता.

व्यासपीठावर बसलो, मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर फलक! तो पूर्वी जिन्यापाशी होता; आता सभागृहात आणून लावला होता. खाली दोन-अडीचशे मुले, त्यांच्या डोक्यांवर ती अकरावी ओळ : '१९९३. आंतरशालेय निबंध स्पर्धा. प्रथम.' आणि पुढे माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

भाषणाची तयारी मी चांगली करून गेलो होतो. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, आणि १९४३ साली तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे सांगायचे होते. लगेच दुसरी बाजूही मांडायची होती. विनोबांनी १९१६ साली, घर सोडण्याच्या सुमारास, आपली प्रमाणपत्रे अग्नीत टाकली. म्हणजे गुण मिळवा, पण गुणपत्रिकेला चिकटून राहू नका! प्राध्यापकाच्या भाषणाला दोन्ही बाजू असल्या की श्रोत्यांना ते खोल वाटते.

गुणगौरव सुरू झाला. पाचवी आणि आठवीचे शिष्यवृत्तीधारक आले. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत चमकलेला एक सहावीतला मुलगा आला; तो चष्म्यामागून माझ्याकडेच परीक्षकासारखा पाहत होता. कबड्डीच्या संघाने विभागीय स्पर्धेपर्यंत मजल मारली होती. त्याच्या कप्तानाने माझा हात असा दाबला, की पुढची चार प्रमाणपत्रे मी डाव्या हाताने दिली. दहावीत शाळेत पहिला आलेला मुलगा मात्र अगदी साध्या चेहऱ्याने आला. आमच्या वेळी मंडळाची गुणवत्ता यादी लागे, आणि यादीत आलेल्या मुलाला आई पेढा भरवीत असल्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येई. पेढा तोंडात असताना हसायचे कसे, हे त्या मुलांना कोण शिकवीत असे, देव जाणे. आता मंडळ ती यादी काढीत नाही, आणि मला वाटते मुलांच्या जिवाला ते बरेच झाले.

वर्षभर एकही दिवस न चुकवलेल्या मुलाचे नाव पुकारले, तेव्हा टाळ्या थोड्या कमी पडल्या. रोज दोन बस बदलून तो शाळेत येतो, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. मी त्याला विचारले, "इतक्या सकाळी जाग कशी येते रे?" तो म्हणाला, "मला नाही येत सर. आई उठवते."

त्याच्या मागोमाग वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेला सातवीतला मुलगा आला. चुणचुणीत, भांग चापून पाडलेला. प्रमाणपत्र देता देता, पाहुण्यांनी करावा तसा विनोद म्हणून मी विचारले, "काय, भाषण स्वतःच लिहिलं होतंस ना?"

ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाशीच होता. "नाही सर," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ताईनं लिहून दिलं. मी पाठ केलं."

सारे सभागृह हसले. वर्गशिक्षकांनी कपाळावर हात मारला. मुख्याध्यापक माझ्याकडे वळून कानाशी म्हणाले, "लहान आहे हो अजून." मी हसलो नाही. माझी नजर समोरच्या अकराव्या ओळीवर गेली होती, आणि बत्तीस वर्षांत प्रथमच मी ती अक्षर न् अक्षर वाचीत होतो.

वाचकहो, तो निबंध माझा नव्हता. माझ्याही ताईचाच होता.

मी तेव्हा नववीत होतो. 'आमच्या घरातील एक जुनी वस्तू' असा विषय होता. निबंध घरून लिहून आणायचा होता, आणि वाड्याच्या चौकात क्रिकेटचा सामना चालू होता. उद्या शेवटची मुदत, हे मला रात्री जेवताना आठवले. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नुकतीच दहावी होऊन अकरावीला गेलेली. तिने पुस्तपालनाची नवी कोरी वही उलटी धरली आणि मागच्या पानांवर तासाभरात निबंध लिहिला. आजीच्या पितळी अडकित्त्यावर. आजी गेल्यावर घरात सुपारी खाणारे कोणी उरले नव्हते. तरी दर दिवाळीत आई तो अडकित्ता चिंचेने घासून, पुसून पुन्हा फडताळात ठेवी. कशासाठी, हे तिने कोणाला सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. एवढेच त्या निबंधात होते. मी तो माझ्या अक्षरात उतरवून काढला. माझी भर म्हणाल तर ऱ्हस्व-दीर्घाच्या सात-आठ चुकांची.

निबंध पहिला आला. शाळेत टाळ्या, घरी पेढे, आणि प्रशस्तिपत्राला वडिलांनी केलेली काचेची चौकट! ताईने पेढा खाल्ला आणि माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला. तिला त्यात गंमतच वाटत होती. भीती मला वाटत होती. उद्या तिची वही कोणाच्या हाती लागली तर? एका सकाळी ती कॉलेजात गेल्यावर मी वहीची ती मागची पाने फाडली आणि अंघोळीच्या बंबात घातली.

आता यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. घरोघरी होते ते. खरे आहे. पण त्या फलकावरच्या एका ओळीने पुढे काय काय केले, ते मी पाहिले आहे. त्याच जूनमध्ये ताईला मराठी घेऊन कला शाखेला जायचे होते. वडील म्हणाले, "मराठी घेऊन काय करणार?" आणि तिला वाणिज्य शाखेला घातले. वडील दुष्ट नव्हते, काळजीने बोलले. दोन वर्षांनी मी म्हणालो, मला कला शाखेला जायचे आहे. तोच प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. कारण भिंतीवर चौकट होती! नातेवाइकांत, शिक्षकांत 'याची भाषा चांगली आहे' असा बोलबाला झाला होता. तो खोटा पडू नये म्हणून मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता खरोखरच मला त्याची गोडी लागली. एम.ए. झालो, नोकरी लागली. ताई बँकेत लागली. तिचे हिशेब कधी चुकत नाहीत, अशी तिची ख्याती आहे.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले १८८० साली; मुलींचे हायस्कूल हुजूरपागेत निघाले १८८४ साली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे १८५९ साली, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले. पंचवीस वर्षांनी हुजूरपागेची शाळा काढण्यात हेच दोघे पुढे होते. मी वर्गात हे मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या माणसांना, आपण वाचले ते घरातल्या मुलींनीही वाचावे, असे वाटले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मी मात्र घरातल्या मुलीने लिहिलेली चार पाने बंबात घातली. विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली. मी प्रमाणपत्र तेवढे ठेवून बाकीचे जाळले.

भाषणाला उभा राहिलो. देशमुख आणि विनोबा खिशातच राहिले. मी मुलांना अकरावी ओळ दाखवली आणि ती कशी आली, ते सांगून टाकले. प्रथम शांतता पसरली. मग मागून कोणीतरी हसले, आणि पाठोपाठ सारेच. ते हसणे मला वाईट वाटले नाही. कार्यक्रम संपल्यावर सातवीतला तो वक्ता जवळ आला आणि म्हणाला, "सर, मग तुमचं नाव पुसणार का आता?" मुख्याध्यापक घाईने म्हणाले, "अरे, तेलरंग आहे तो. पुसला जात नाही." शाळा मुलांची. रंगाने नाव झाकता येईल, पण त्या जागी ताईचे घालता येणार नाही. तिचे नाव शाळेच्या हजेरीपटावर कधी नव्हतेच.

रात्री ताईला फोन केला आणि झालेले सगळे सांगितले. ती खूप हसली. "भर सभेत? अरे, कशाला? मला तर त्याचं काही वाटलं नव्हतं कधी." मग जरा थांबून म्हणाली, "ती पानं मात्र मी शोधली होती रे. पुष्कळ शोधली. आजीवर मी तेवढंच लिहिलं होतं. वाटलं, कुठंतरी गहाळ झाली."

मी बंबाचे सांगितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. ती रागावली असती तर बरे झाले असते. "असू दे," ती म्हणाली. "जेवलास का?"

बत्तीस वर्षे मी समजत होतो की मी तिचे बक्षीस घेतले. बक्षिसाची तिला पर्वाच नव्हती. घेतली होती ती चार पाने, आणि ती परत करण्याजोगी माझ्यापाशी काहीच नव्हते. जी वस्तू आपण चोरली असे वाटत असते, ती आणि समोरच्याची खरोखर हरवलेली वस्तू वेगळीच असते. आणि हे विचारल्यावाचून कळत नाही.

परवा ताईचा फोन आला होता. भाऊबीजेला ती आमच्याकडे येणार आहे. मी भीतभीतच विचारले, "ओवाळणीला काय घालू?"

"एक वही आण," ती म्हणाली. "दोनशे पानी. रेघांची हं, हिशेबाची नको. आणि आईनं तो अडकित्ता तुझ्याकडे दिलाय ना? तो काढून ठेव. बघते, आठवेल तेवढं."

वही आणली आहे. अडकित्ता आज सकाळी मी स्वतःच चिंचेने घासायला बसलो. पितळ अजून पुरते उजळलेले नाही. पण भाऊबीजेला अवकाश आहे.