हिंगण्याची झोपडी

पुण्याचे आजचे कर्वेनगर हे गजबजलेले उपनगर आहे. एकेकाळी येथे हिंगणे बुद्रुक नावाचे खेडे होते. खेडे आणि शहर यांच्यामध्ये शेते होती आणि पावसाळ्यात चिखलाने भरून जाणारी वाट होती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी येथील सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये धोंडो केशव कर्वे यांना दिले. त्या जमिनीवर १९०० मध्ये एक झोपडी उभी राहिली. विधवा स्त्रियांना आसरा व शिक्षण मिळावे म्हणून कर्व्यांनी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला होता. त्याला हक्काचे घर मिळाले ते असे.

सहा एकरांत एक झोपडी! आज शहराबाहेर ऐसपैस जागेत घर असणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानतात. त्या काळी मात्र वस्तीपासून दूर राहणे म्हणजे दुकान, वैद्य आणि शेजार या साऱ्यांनाच दुरावणे होते. अर्थात, विधवेचे दर्शनही अशुभ समजणाऱ्या समाजात शेजाराचा अनुभव या स्त्रियांना फारसा सुखाचा नव्हता. त्यांना ते मोकळे रान अधिक आपुलकीचे वाटले असल्यास नवल नाही.

कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. तेथील काम आटोपले, की ते पायी हिंगण्याला जात आणि पायीच पुण्याला परतत. त्यांच्या या पायपिटीचे कौतुक सर्वांनी केले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु या घराच्या कथेला एक अवघड बाजूही आहे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. त्यांना बाया म्हणत. आश्रमाला मदत करणाऱ्या पुष्कळांना विधवांचे शिक्षण मान्य होते, पुनर्विवाह मान्य नव्हता. आश्रम मुलींना लग्नाकडे वळवतो अशी नुसती शंका आली असती, तरी पालकांनी मुली पाठवल्या नसत्या आणि देणग्या आटल्या असत्या. म्हणून बाया मुलांना घेऊन शहरात आणि पती हिंगण्याच्या वाटेवर, असा संसार चालला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले मात्र याच आश्रमात राहून शिकली, तेथेच काम करू लागली आणि संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडली. एका बहिणीला त्या घराचे दार उघडे होते, कारण ती विधवा होती. दुसरीला ते मिटलेले होते, कारण ती आता विधवा राहिली नव्हती. कर्व्यांची ही तडजोड व्यवहाराला धरून होती असे म्हणता येईल. तिची किंमत मात्र बायांनी मोजली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रामुळे त्यांची बाजू निदान वाचकांपर्यंत आली.

पुढे झोपडीचा व्याप वाढत गेला. १९१६ मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले, तेही हिंगण्यातच. भोवतीची शेते हळूहळू नाहीशी झाली. गावाला कर्व्यांचे नाव मिळाले आणि पुण्याहून त्या दिशेने निघणाऱ्या मोठ्या रस्त्यालाही. त्या रस्त्यावर आता वाहनांमुळे पायी चालणेच कठीण झाले आहे. झोपडी मात्र संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे. तिच्याभोवती मुलींच्या शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे आहेत.